देवळाची मागची बाजू

औंढा नागनाथाच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना नजर शिखराकडे जाते, ती थोडी खाली आणावी. जोत्यापासून डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत काळा दगड आहे. त्यावर थरावर थर चढलेले, कोनाकोनांत देवदेवता, सुरसुंदरी, हत्ती, वादक, कुठे नाक झिजलेली, कुठे हात तुटलेली मूर्ती. मग एका उंचीवर दगड संपतो आणि विटा-चुन्याचं काम सुरू होतं. खालचं देऊळ यादवांच्या काळातलं, साधारण तेराव्या शतकातलं. वरचं बांधकाम नंतरचं. मोडलेल्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, असं परंपरा सांगते. दोन्ही कामांचा सांधा कुणी लपवलेला नाही. ज्याने वरचा भाग बांधला त्याच्याकडे खालच्यासारखे पाथरवट नव्हते, किंवा तेवढा पैसा नव्हता, किंवा तेवढा वेळ नव्हता. पण देव उघड्यावर ठेवायचा नाही एवढं त्याचं पक्कं होतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या श्रद्धास्थानांची ओळख करून देताना मी या सांध्यापासून सुरुवात करतो, त्याला कारण आहे. जगभरच्या धार्मिक वारशावर जे लिहिलं जातं त्यात सगळ्यात जुनं कोणतं, सगळ्यात मोठं कोणतं आणि खरं कोणतं, हे तीन प्रश्न फार जागा खातात. या तिन्ही कसोट्यांवर हिंगोलीची फार डाळ शिजणार नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या त्याच्या नद्या. सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. हळदीसाठी वसमतचं नाव घेतात, छावणीसाठी हिंगोलीचं घेत. परदेशी पाहुणा वेरूळ-अजिंठा करून परत फिरतो, इथवर येत नाही. तरीही तीर्थक्षेत्र म्हणजे काय, ते कशावर टिकतं आणि कुणाला बाहेर ठेवतं, हे समजून घ्यायचं तर औंढा आणि नर्सी या दोन गावांत जेवढं हाती लागतं तेवढं मोठमोठ्या नावांच्या ठिकाणी लागत नाही, असं माझं मत आहे.

आधी ‘खरं कोणतं’ हा प्रश्न हातावेगळा करू. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश दारुकावनात आहे असं श्लोक सांगतो. ते दारुकावन म्हणजे औंढा, हे आपलं म्हणणं. गुजरातचे लोक द्वारकेजवळच्या नागेश्वराकडे बोट दाखवतात आणि उत्तराखंडात अल्मोड्याजवळचं जागेश्वर हाच मान सांगतं. परळी वैजनाथ आणि झारखंडातलं देवघर यांच्यातही असाच जुना वाद आहे. हा काही आपल्याकडचाच विशेष नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर दमास्कसच्या उमय्यद मशिदीत आहे, रोमच्या एका चर्चमध्ये आहे आणि फ्रान्समधल्या आमियाँच्या कॅथेड्रलमध्येही आहे. तिन्हीकडे लोक श्रद्धेने जातात. महाशिवरात्रीला औंढ्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला द्वारकेचा दावा ऐकवून पाहा. तो ऐकून घेईल आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकेल.

औंढ्याचं जुनेपण मात्र या वादापलीकडचं आहे. माहात्म्यग्रंथांत या स्थळाला आमर्दक म्हटलेलं आहे. मध्य प्रदेशात रणोदसारख्या ठिकाणी जे शैव मठांचे शिलालेख सापडले, त्यांत तिथले आचार्य आपली परंपरा आमर्दकतीर्थापर्यंत नेऊन भिडवतात. हे आमर्दकतीर्थ म्हणजेच औंढा, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. ते धरलं तर हजार वर्षांपूर्वी मध्य भारतातल्या शैव पंथाचं मूळपीठ म्हणून या गावाचं नाव घेतलं जात होतं. आज बसस्थानकावर उतरून प्रसादाच्या दुकानांमधून देवळाकडे चालत जाताना याची पुसटशीही कल्पना येत नाही. बाजूलाच सासू-सुनेची बारव आहे, तीर्थाचं पाणी आहे, बाराही ज्योतिर्लिंगांची छोटी देवळं आवारात मांडलेली आहेत. पांडवांनी वनवासात हे देऊळ बांधलं, अशी कथा गावात ऐकायला मिळते. पांडव कुठे राहिले नाहीत, असं गाव महाराष्ट्रात शोधावं लागेल.

आता आत जाऊ. सभामंडपात गेल्यावर पिंड समोर दिसत नाही. गाभारा जमिनीखाली आहे. फरशीत एक अरुंद चौकोनी तोंड, त्यातून चिंचोळ्या पायऱ्या. अंग चोरून, एक हात भिंतीला लावून, जवळजवळ बसतच उतरावं लागतं. खाली छत इतकं बुटकं की ताठ उभं राहायची सोय नाही. कितीही मोठा माणूस असो, नागनाथापुढे वाकूनच येतो. वर चढणाऱ्याला वाट दिल्याशिवाय उतरणाऱ्याला उतरता येत नाही, त्यामुळे गर्दीच्या दिवशी त्या तोंडाशी बराच आरडाओरडा चालतो. थोडक्यात, हे अवघड दाराचं देऊळ आहे. आणि या देवळाची सगळ्यात प्रसिद्ध कथा दाराचीच आहे.

कथा महाराष्ट्राला पाठ आहे. नामदेव औंढ्याला आले, देवासमोर कीर्तनाला उभे राहिले, गर्दी जमली. पुजाऱ्यांना अडचण वाटू लागली. शिंप्याने देवाचं दार अडवून ठेवलंय म्हणून त्यांनी नामदेवांना उठवलं आणि मागे जाऊन काय करायचं ते कर म्हणून सांगितलं. नामदेव मागे गेले, कीर्तन पुन्हा सुरू झालं आणि देऊळच फिरलं. देवाचं तोंड कीर्तनाकडे झालं, पूजा करणारे पाठीमागे राहिले. याची खूण म्हणून मागच्या बाजूचा नंदी आजही दाखवतात. नंदी देवासमोर असायचा. इथे तो पाठीशी आहे. चिकित्सक माणूस म्हणेल की पडझड झाली, नवं बांधकाम झालं, त्यात मांडणी बदलली असेल. म्हणू द्यावं. तरीही महत्त्वाची गोष्ट उरतेच. ही कथा देवळाविरुद्धची तक्रार आहे, आणि ती देवळानेच सांभाळून ठेवली आहे. आपल्याच दाराशी अन्याय झाला, आपलेच लोक चुकले आणि देवाने त्यांना पाठ दाखवली, हे या क्षेत्राचं माहात्म्य आहे. तिथल्याच माणसाने बोट दाखवून सांगायचं, यात्रेकरूने तिथे उभं राहून ऐकायचं. स्वतःचा असा पराभव मिरवणारी क्षेत्रं जगात फार नसावीत.

महिपतींनी १७६२मध्ये पुरा केलेल्या ‘भक्तविजया’तून ही कथा मराठी घराघरांत गेली. पण ती त्याच्या दीडशे वर्षं आधी पंजाबात पोचलेली होती. गुरू अर्जुनदेवांनी १६०४मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. राग भैरवातल्या एका पदात नामदेव स्वतःच्या तोंडाने सांगतात की भक्ती करताना मला धरून उठवलं, माझी जात हीन ठरवली, मी कांबळं उचलून देवळामागे जाऊन बसलो आणि देऊळ भक्तांकडे फिरलं. त्या पदात औंढ्याचं नाव नाही. कुठलंच गाव नाही. पंजाबातल्या माणसाला गावाची गरज नव्हती. असं दार त्याच्या ओळखीचं होतं. हिंदी पदांचे नामदेव आणि मराठी अभंगांचे नामदेव एकच का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन ली नोव्हेत्स्के यांनी नामदेवांवरच्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला: कीर्तनातून, ऐकणाऱ्यांच्या मुखातून लोकांनी नामदेव कसे जपले, ते त्यांनी पाहिलं. हिंगोलीच्या वाचकाला ही बाजू अधिक जवळची वाटेल. कारण इथे नामदेव कळतात ते पोथी उघडण्याआधी, टाळांच्या आवाजात.

औंढ्याची दुसरी कथा विसोबा खेचरांची. गोरोबाकाकांनी तेरला संतांची मडकी थापटून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. रागावलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा पिंडीवर पाय टाकून झोपलेले. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेव जिथे पाय ठेवायला जात तिथे पिंड उभी राही. हीच कथा शीख परंपरेत गुरू नानकांची आहे: मक्केत काबाच्या दिशेला पाय करून झोपले, कुणी रागावून पाय फिरवले, तर काबाच त्या दिशेला फिरला. आणि कर्नाटकात उडुपीला कनकदासांना आत येऊ दिलं नाही, तेव्हा श्रीकृष्णाने तोंड फिरवून भिंतीतल्या झरोक्यातून दर्शन दिलं, म्हणून आजही त्या ‘कनकन किंडी’तून देव पाहतात. मराठी, पंजाबी, कन्नड. शिंपी, खत्री, धनगर. कोण कुणाकडून शिकलं हे शोधत बसण्यापेक्षा मला यातली मागणी एकच आहे हे मोठं वाटतं. देवाचं तोंड कुठे आहे, हे पुजाऱ्याने ठरवायचं नाही.

औंढ्याहून साठेक किलोमीटरवर नांदेड आहे. तिथे १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरूपद दिलं, असं शीख मानतात. म्हणजे ज्या ग्रंथात देऊळ फिरल्याचं पद आहे तो ग्रंथ गुरू झाला तो औंढ्याच्या शेजारात. गोष्ट पंजाबला गेली आणि गुरूच्या रूपाने परत मराठवाड्यात आली. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणारे शीख यात्रेकरू म्हणूनच वाट वाकडी करून नर्सीला येतात. आपल्याकडे ‘नर्सी नामदेव’ म्हणतात त्या कयाधूकाठच्या गावी १२७०मध्ये नामदेवांचा जन्म झाला, असं इथली परंपरा मानते. दुसऱ्या गावांचे दावे आहेत, पंढरपूरचाही आहे. पण भगव्या पताकांशेजारी पगडीधारी माणसं रांगेत दिसतात ती नर्सीलाच. तिकडे गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे ‘बाबा नामदेवां’चं गाव. २०१५मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ लोकांनी घुमान पहिल्यांदा नकाशात शोधलं. नर्सीच्या लोकांना ते शोधावं लागलं नव्हतं.

नर्सी पाहायची तर परतवारीला. आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूर झालं की वद्य एकादशीला मराठवाडा-विदर्भातले वारकरी नर्सीला येतात. पांडुरंगाला भेटून आलं, आता त्याच्या लाडक्याला भेटल्याशिवाय वारी पुरी होत नाही, असा हिशेब. पेरण्या उरकलेल्या असतात, कापूस-सोयाबीन वीतभर वर आलेलं असतं, कयाधूला पाणी असलं तर असतं. बायका डोक्यावर तुळस घेऊन येतात. पंढरपूरच्या मानाने हे सगळं लहान आहे, म्हणून माणसाचा चेहरा दिसतो. थकलेल्या वारीचा हा दुसरा मुक्काम पर्यटनाच्या पुस्तकांत क्वचितच येतो.

देऊळ फिरण्याची कथा सुंदर आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. नामदेवांसाठी देऊळ फिरलं. चोखोबांसाठी फिरलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून चोखोबा गेले, त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. दारासमोर, म्हणजे दाराबाहेर. नामदेवांनी स्वतःही पायरीच मागून घेतली. १९३०च्या २ मार्चला नाशिकला काळारामाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १९३५मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी आपला धर्मांतराचा निर्णय सांगितला, १९५६मध्ये नागपूरला तो अमलात आला. देव फिरला नाही तेव्हा माणसं फिरली. पंढरपूरचं दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषण करावं लागलं. आज हिंगोली जिल्ह्यात गावोगाव पंचशील ध्वज असलेली बुद्धविहारं दिसतात. जिल्ह्याच्या धार्मिक वारशात त्यांची नोंद ‘अलीकडची’ म्हणून शेवटच्या पानावर ढकलली जाते. ती औंढ्याच्या मागच्या नंदीच्या लगेच पुढे यायला हवी. गोष्ट तीच आहे, शेवट वेगळा आहे.

किल्ली कुणाकडे, हाही दाराचाच प्रश्न. जेरुसलेममधल्या होली सेपल्कर चर्चवर सहा ख्रिस्ती पंथांचा हक्क आहे आणि त्यांचं आपसांत पटत नाही. म्हणून दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लीम घराण्याकडे आहे आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लीम घराण्याकडे. याला सलोखा म्हणायचं की नाइलाज, हे ज्याचं त्याने ठरवावं. दार मात्र रोज उघडतं. हिंगोली शहरातला नवसाचा चिंतामणी गणपती, ज्याच्यापुढे अनंत चतुर्दशीला मोदकासाठी लांबच लांब रांग लागते, तो आहे गड्डेपीर गल्लीत. पीराच्या नावाच्या गल्लीत गणपती नवसाला पावतो, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. कळमनुरीला नुरीबाबांच्या दर्ग्यात हिंदू घरातली माणसं नारळ घेऊन जातात. खाकीबाबांच्या मठापासून सुरू झालेला हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षं चालत आलाय. त्याच्या प्रदर्शनातली गर्दी पाहून कोण कुठल्या धर्माचा हे सांगता येणार नाही. मी याचं गोडगोड चित्र काढत नाही. या जिल्ह्याने तणावही पाहिला आहे. पण रोजच्या व्यवहारात एकमेकांच्या देवाशी लोक कसे वागतात, ते भाषणांपेक्षा या गल्ल्यांत नीट कळतं.

देव जागा बदलतात, हेही इथे दिसतं. शिरड शहापूरचं मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिर दूरदूरच्या जैनांचं क्षेत्र आहे, आणि तिथली मूर्ती मूळची नांदेडकडच्या अर्धापूरची. औंढ्याजवळच्या राजापूरला सरस्वती, योगनरसिंह आणि अर्धनारी नटेश्वर अशा तीन अप्रतिम मूर्ती आहेत. त्यांच्या तोडीचं कोरीवकाम संग्रहालयात काचेआड असतं. इथे गावाने ठेवल्या तिथे आहेत, गाव पुजतं. त्या ज्या देवळांसाठी घडल्या त्यांचं काय झालं, हे मूर्तीकडे पाहून कळत नाही. असे सुटे देव मराठवाड्यात मोजता येणार नाहीत इतके आहेत: पारावर टेकवलेली वीरगळ, विहिरीच्या काठात बसवलेला खांब, मारुतीच्या ओट्याला लावलेला देवळाचा उंबरा.

एका गोष्टीत मात्र औंढ्यालाही दाद द्यावी लागते. महाशिवरात्रीनंतर पाचव्या दिवशी रथ निघतो आणि देवळाला पाच फेऱ्या घालतो. नागनाथ त्या अवघड तोंडातून बाहेर येऊन स्वतःच्या देवळाच्या मागे जातो, नामदेवांच्या जागेवरून जातो, एकदा नाही, पाचदा. दारात शिरायला ज्याला जमत नाही, म्हाताऱ्याला, अधूला, कडेवरच्या पोराला, तो त्या रात्री देव पाहतो.

राहता राहिले ते बिनदाराचे. जिल्ह्यात आंध आदिवासींची गावं आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. शेताच्या बांधावरचा म्हसोबा, ओढ्याकाठच्या आसरा, वेशीवरची मरीआई, तांड्यावरचा सेवालाल महाराजांचा ओटा. ना भिंत, ना शिखर, ना कुलूप. त्यांना पुजारी लागत नाही आणि त्यांच्यावर पुस्तकंही निघत नाहीत. रस्ता रुंद होतो तेव्हा हे देव आधी जातात, कारण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नसतं आणि पुरातत्त्व खात्याच्या यादीतही नसतं. कुठला दगड कुठून उचलून कुठे ठेवला, हे गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, तेवढ्यांनाच. अशा जागांची गाववार नोंद कुणी केली, तर जिल्ह्याच्या पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण ते असावं, आणि औंढा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात आला तरी नागनाथाची हरकत नसावी.